पडद्यावरची निंबजाई

अहिल्याबाईंनी देवीची साडी भरायला घेतली ती अक्षय्यतृतीयेला. डाळिंबी रंग, साधे काठ, आणि पदरावर कडुनिंबाची एकशेआठ पानं, कारण कुलदेवतेचं नावच निंबजाई. रोज दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावायचं, हात जोडायचे आणि मग सुई हातात घ्यायची, असा नेम. भाद्रपदात त्या तापानं आडव्या झाल्या तेव्हा नेम मोडू नये म्हणून एक पान लेकीनं, संपदानं भरलं. ते नेमकं उलटं आलं. सगळ्या पानांची देठं वर, हिच्या पानाचं खाली.

"उसवू का आई?"

"राहू दे. देवी काय देठ मोजत बसणार आहे?"

दिवाळी झाली आणि साडी गावी दिरांकडे रवाना झाली. पौष पौर्णिमेला ती देवीला नेसवायची ठरली. पण पौष म्हटला की नवऱ्याच्या, गुणवंतरावांच्या दिल्लीतल्या मंत्रालयात बजेटची धामधूम. रजा हा शब्दसुद्धा तोंडातून काढायची सोय नाही. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी फ्लॅटमध्ये आठ वर्षं काढलेल्या अहिल्याबाईंना हे नवं नव्हतं. तरी डोळे भरून आलेच.

"अगं, गावची पोरं हल्ली पूजा थेट दाखवतात," गुणवंतराव म्हणाले. "एवढा मोठा टीव्ही घेतलाय तो कशाला?"

हे पटलं. यंदा पौर्णिमा संक्रांतीनंतर आली होती, म्हणून अहिल्याबाईंनी त्याच सकाळी हळदीकुंकू ठेवलं. सोसायटीतल्या आठ जणींना आवतण गेलं: या, आमच्या देवीला माझ्या हातची साडी नेसवलेली बघा.

आणि मग लक्षात आलं, टीव्हीचं काही खरं नाही.

संध्याकाळी चित्र बरं असायचं. पण सकाळी बाल्कनीतून ऊन आत आलं की पडदा असा काळवंडायचा की माणसं धुरात उभी आहेत असं वाटावं. रिमोटही रुसलेला. उठून अगदी टीव्हीच्या तोंडाशी धरला तरच चालायचा. सेल दोनदा बदलून झाले. गुणवंतरावांनी सेटिंगमध्ये शिरून 'व्हिव्हिड' लावलं, तर बातम्या देणारी बाई केशरी झाली, पण अंधार होता तिथेच. संपदानं इंटरनेटवर वाचून ब्राइटनेस शंभरावर नेला. फरक शून्य.

मेकॅनिक आला तो संध्याकाळी सातला. चित्र पाहून म्हणाला, "आंटीजी, पिक्चर तो मस्त है. आँखें चेक करवा लो." आणि चहा पिऊन गेला.

"यार आई, फोनवर बघ ना सरळ," संपदा म्हणाली.

"देवी काय तळहातावर बघायची? आणि आठ बायकांनी एका फोनवर माना घालायच्या?" अहिल्याबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. "आई निंबजाई, एकशेआठ पानं भरलीत. एक तरी नीट दिसू दे."

पौर्णिमेला धुकं लवकर फाटलं. एरवी जानेवारीतल्या उन्हासाठी दिल्लीकर जीव टाकतात, पण त्या दिवशी लख्ख ऊन खोलीत शिरलेलं अहिल्याबाईंना नको झालं. बायका जमल्या. पडदे ओढले तरी उजेड हटेना. टीव्हीवर देऊळ दिसलं, म्हणजे आहे असं म्हणायचं. मधोमध काहीतरी तपकिरी.

शेजारच्या वैजयंतीवहिनी पुढे झुकल्या. तोंडानं फटकळ, पण कोणाच्या अडीअडचणीला पहिल्या धावणाऱ्या. "अहिल्या, ही देवी आहे की चहाची किटली?"

सगळ्या हसल्या. अहिल्याबाईही हसल्या. आरतीला पाच मिनिटं होती. काय करावं सुचेना तेव्हा त्यांनी हळदीकुंकवाची कोयरी उचलली. हाताला काम असलं की मन थाऱ्यावर राहतं. आठही जणींना लावलं. देव्हाऱ्यात लावलं. मग वाटलं, आज देवी टीव्हीत आली आहे, तर त्यालाही लावावं.

त्या खाली वाकल्या. पडद्याच्या खालच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, दसऱ्याला लावलेलं हळदीकुंकू तसंच होतं. शस्त्रपूजेला घरातला एकही यंत्रदेव त्या सोडत नसत: मिक्सर, फ्रिज, गुणवंतरावांची स्कूटर. टीव्हीला तर गंध कालवून जाडसर टिळा, वर अक्षता. तो वाळून खडा झाला होता. शिळ्यावर ताजं कसं लावायचं? त्यांनी पदराचं टोक ओलं करून टिळा चोळून काढला.

आणि टीव्ही उजळला. झटकन नाही, पहाट व्हावी तसा, हळूहळू. देऊळ आलं, समया आल्या, फुलं आली.

"अगंबाई!" वैजयंतीवहिनी ओरडल्या. "काय केलंस तू?"

"कुंकू पुसलं," अहिल्याबाई घाबरून म्हणाल्या आणि घाईघाईनं नव्या कुंकवाचं बोट तिथेच टेकवलं. खोलीत उजेड तेवढाच, पण पडदा पुन्हा मावळायला लागला.

"आई, बोट काढ! काढ!" संपदा धावत आली. "तो टीव्हीचा डोळा आहे! खोलीत उजेड किती ते तो बघतो आणि तेवढं चित्र उजळतो. रिमोटचंही तिथूनच चालतं. तू त्याला तीन महिने अंधारात ठेवलंस. त्याला वाटलं, इथे कायम रात्रच आहे!"

"मला वाटलं ते कपाळ आहे," अहिल्याबाई म्हणाल्या.

मग जे हसू फुटलं ते आरतीची घंटा वाजेपर्यंत थांबेना. तेवढ्यात संपदानं बाबांचं भडक 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' लावलं. केशरी दिसणारी साडी डाळिंबी झाली. दुकानात हातात धरली होती अगदी तीच. कॅमेरा जवळ गेला. खांद्यावरून सोडलेला पदर, हिरवीगार पानं, एकेक शीर मोजावी अशी. अहिल्याबाईंनी हात जोडले.

"सुरेख गं!" वैजयंतीवहिनी म्हणाल्या, आणि लगेच डोळे बारीक केले. "पण ते एक पान उलटं आहे की काय?"

संपदानं जीभ चावली. "इतकं क्लिअर नको होतं यार."

"आहे उलटं," अहिल्याबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "ते माझ्या लेकीनं भरलंय. नीट बघा, सगळ्यांत वर तेच आलंय."

ऑफिसातून गुणवंतरावांचा फोन आला, हळू आवाजात. "दिसली का गं?"

"दिसली. देठासकट दिसली," त्या म्हणाल्या, आणि बोटावर उरलेलं कुंकू त्यांनी टीव्हीच्या अगदी डाव्या कोपऱ्यात टेकवलं.