तुडवलेली द्राक्षं

चिरडलेल्या द्राक्षांचा आंबूस वास आला की राजुरीजवळच्या वायनरीतली ती दुपार आठवते. अन्न पायानं तुडवायचं आणि त्याला पर्यटन म्हणायचं! मी संतापून निषेधाची पत्रकं वाटायला गेले होते. पाहुण्यांसाठी टबात द्राक्षं ओतत होती माझीच आई.

"मावशी, तुम्हीपण या ना!" पाहुण्यांतल्या एकीनं तिचा हात धरला.

मी पुढं झाले, तर आई पुटपुटली, "गप ऱ्हा. काम जाईल माझं."

तिनं वाकून द्राक्षांना हात लावला, कपाळाला टेकवला. पाय लागणार म्हणून माफी मागितली आणि टबात उतरली. पाहुण्यांना ती इथली रीत वाटली. हसत हसत सगळ्यांनी तसंच केलं. माझी पत्रकं हातातच राहिली.

आई आता थकून घरी बसलीय. वायनरीतला गाइड मात्र अजून प्रत्येक गटाला सांगतो, "आधी नमस्कार, मग उड्या!"