सोमवारीच, म्हणजे मंडे इटसेल्फ

विश्वासार्हता हाच लेखकाचा खरा अलंकार असतो. हे वाक्य मी इंग्रजीत स्वतःच्या वेबसाइटवर टाकलं, तेव्हा माझ्याकडे एकही गिऱ्हाईक नव्हतं. बायको सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसला बँकेत जायची आणि मी सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलाशी बसून, कंपन्यांना इंग्रजी लिहून द्यायला तयार असायचो. कंपन्या तयार नसायच्या. ‘नेटिव्ह स्पीकर आहात का?’ असं नम्रपणे विचारायच्या. मी तितक्याच नम्रपणे नाही म्हणायचो.

शेवटी विमा विकणाऱ्या एका छोट्या फर्मच्या चिनी मालकिणीने नमुन्याचं काम दिलं. ऑफिस दुसऱ्या इमारतीत हलतंय, ग्राहकांना तसं पत्र हवं. पसंत पडलं तर वर्षभराचा सगळा मजकूर माझ्याकडे. तीन दिवस घासूनपुसून मी पत्र पाठवलं. संध्याकाळी दहा वर्षांच्या लेकीने ते वाचलं.

“बाबा, व्हाय एव्हरीथिंग इटसेल्फ? मंडे इटसेल्फ, लॉबी इटसेल्फ...”

“अगं, जोर द्यायला. सोमवारीच. लॉबीतच.”

“नोबडी राइट्स लाइक दॅट, ला.”

“तुझा हा इथला ‘ला’ चालतो आणि माझा ‘च’ नाही?”

“माय ‘ला’ नॉट इन द लेटर, बाबा.”

मोजले. पाच ‘च’ निघाले. एम.ए.ला इंग्रजी घेऊनही ते पुण्याहून माझ्याबरोबर आले होते.

“आता मालकिणीला स्वतःहून कशाला सांगतोस?” बायको म्हणाली. “मिळालं असतं काम, तेही घालवशील.”

तिचं चुकत नव्हतं. तरी मी मेल लिहिली: पाच ठिकाणी माझी मातृभाषा शिरली आहे, सुधारलेली प्रत सोबत.

सकाळी मालकिणीचा फोन आला. “पत्र तर मी कालच सगळ्यांना पाठवलं.”

मी खुर्चीत बसलो.

“मला वाटलं, इटसेल्फ म्हणजे ब्रिटिश. हाय-क्लास, ला! पण ऐक. आधीचा लेखक खरा लंडनचा. त्याच्या चुका मला ग्राहक सांगायचे, तो कधीच नाही. वर्षभराचं काम तू कर. ओके?”

मी ओके म्हणालो.

त्या पत्राबद्दल एकच तक्रार आली. पोस्टल कोड चुकला होता. तो मालकिणीने स्वतः टाकला होता.