बोडीतले झिंगे आणि केजन भात

माझा धाकटा भाऊ परदेशी जहाजावर आचारी आहे. सुट्टीत चिचगडला आला की मायला तिकडचं काहीतरी करून खाऊ घालायचं, हा त्याचा हट्ट. या खेपेला म्हणाला, अमेरिकेतला केजन भात. झिंगे, सॉसेज, ढोबळी मिरची, कांदा आणि लालभडक मसाला, सगळं एकाच गंजात तांदळासोबत शिजवायचं. सॉसेज त्याने नागपूरहून बर्फात घालून आणले होते. मी कुडव्याहून बसने गेले ती मदतीला, म्हणजे कांदे चिरायला आणि त्याची बोलणी खायला.

झिंगे मायने आणले, सकाळीच, शेताजवळच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, टोपलंभर.

"जाळं नाई टाकलं, काई नाई. सोताच काठाले येऊन पडले होते," ती खुशीत म्हणाली.

झिंगा काय पाहुणा आहे, काठावर येऊन थांबायला? मी विचारलं, "बगळे होते का वो?"

"नव्हते. कायले?"

धान लोंबीवर आलं की आमच्या बोडीवर बगळ्यांची नुसती गर्दी असते. वेचायला एवढे झिंगे पडलेले आणि बगळा एक नाही?

"कोणी साल टाकली असन," माय म्हणाली. ही आमच्याकडची जुनी रीत. रानातली साल कुटून पाण्यात टाकायची, मासळी गुंगते, काठाला येते, लोक वेचून नेतात. खाल्ली तरी बाधत नाही. मायने जन्मभर खाल्ली. "तू आता शहरातली झाली, तुले काय समजते," म्हणून तिने माझं तोंड बंद केलं. मी कांदे चिरायला घेतले, पण मन काही थाऱ्यावर येईना.

भावाने झिंगे सोलले, मसाल्यात घोळले. तेलात पडताच असा ठसका उठला की घरात दुसरा कसला वास उरलाच नाही. मला तेही आवडलं नाही. तेवढ्यात तो ओरडला, "लिंबू कुठं हाये? लिंबाशिवाय कायचा केजन?" मी चरफडत निघाले. तिसऱ्या दुकानात लिंबू मिळालं, तोवर तासभर गेला.

परतताना पाहिलं, बोडीच्या पाळीवर माणसं जमली होती. पाण्यावर बारीक मासळी पांढरी होऊन तरंगत होती. शेजारची काकी मला पाहून धावतच आली. "बोडीतलं काई खाऊ नका वो बाई! कोणीतरी फवारणीचं औषध ओतलं. मोठे मासे घेऊन गेले अन् डबे इथंच टाकले."

मी पळत सुटले. चप्पल कुठे राहिली, देव जाणे.

लिंबाची वाट न पाहता मायला वाढून भाऊ तिच्यासमोर मांडी घालून बसला होता. त्याचं ताट अजून कोरंच होतं. आधी माय, मग आपण, ही त्याची लहानपणापासूनची सवय. मायचं ताट मात्र पुसून घेतल्यासारखं साफ.

"दुसऱ्यांदा मागितलं मायनं!" तो मला म्हणाला. एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, आणि त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की काय सांगू.

मी गंज लाथेने उलटवला. तो माझ्यावर धावून आला, पण तोवर मायला दरदरून घाम फुटला होता. तोंडातून लाळ गळत होती. "डोळ्यापुढं धुकं आल्यासारखं होऊन राहिलं," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली. शेजाऱ्याच्या जीपमध्ये तिला आडवं घालून आम्ही देवरीच्या दवाखान्यात नेलं. वाटभर भाऊ तिचे तळपाय चोळत होता आणि मी नवस बोलत होते.

माय वाचली. बोलायला लागली तसा भाऊ खाटेजवळ बसला. त्याने आधी मान खाली घातली, मग विचारलं, "माय, तुले चव नाई का लागली वो?"

"लागली ना. पयल्याच घासाले कडू लागलं. मले वाटलं, तिकडचा मसालाच असा असन."

"मंग काऊन खाल्लं? वरून आणखी मागितलं?"

मायने त्याच्या केसांतून हात फिरवला. "तू माह्या तोंडाकडं पाहून राहिला होता ना रे."