नापास भिंत

विजूताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वसईच्या बाजारात केळीवालीशी घासाघीस करत होते. पलीकडून त्यांची मुलगी मनवा रडत होती आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, पण आमच्या भिंतीचं काय?" अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नाही. महिना होऊन गेला, केळीवाली अजून माझ्याशी जरा जपूनच बोलते.

विजूताई माझ्या मोठ्या नणंद. मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीत त्यांनी बरीच वर्षं साबण आणि बिस्किटं रंगवली आणि एक दिवस नोकरी सोडून थेट आमच्याकडे आल्या. "आता मी माझी चित्रं काढणार आणि विकणार." सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या लेकीला म्हणाल्या, "चित्रं कोण विकत घेतं गं? लोकांना कॅलेंडरसुद्धा फुकट लागतं."

पहिलं प्रदर्शन आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये लागलं, नेमकं सत्यनारायणाच्या दिवशी. चित्रांतल्या अर्नाळ्याच्या बोटी आणि गास गावची शेतं बघत लोकांनी शिरा खाल्ला. एका काकूंनी तर छोटं चित्र पिशवीत टाकत विचारलं, "हे प्रसादाबरोबरच आहे ना?" विकलं गेलं एकच, तळमजल्यावरच्या काकांना. आठवड्याने ताई हौसेने ते बघायला गेल्या, तर बोटी दाराच्या मागे आणि त्याच खिळ्यावर काकांचा ओला टॉवेल. काका शांतपणे म्हणाले, "समुद्राचंच चित्र आहे, पाण्याने काय बिघडतंय?"

त्या दिवसापासून ताईंचा नियम झाला... आधी भिंत दाखवा, मग चित्र. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, घरातलं माणूस रोज जिथे बसतं तिथे बसायचं, चहा प्यायचा, उजेड कुठून येतो ते बघायचं आणि मग भिंत पास किंवा नापास. नवीन धंदा, त्यात गिऱ्हाइकाची परीक्षा. आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. विरारच्या एका बिल्डरने ऑफिससाठी मोठी ऑर्डर दिली होती. तो म्हणाला, "मॅडम, सोफा निळा आहे, तर बोटी पण निळ्या घ्या ना. मॅचिंग होईल." ताई म्हणाल्या, "बोटी अर्नाळ्याला आधीच रंगवून ठेवल्यात. तुम्ही सोफ्याचं बघा." ऑर्डर गेली. सासूबाई दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत.

पण गंमत अशी की बिल्डरने खरंच सोफा बदलला, ताईंना परत बोलावून चित्र घेतलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, "ताईंनी आमची भिंत पास केली." मग काय, आपल्याकडे पास होण्याची हौस दांडगी. लोक भिंतीला रंग काढून ताईंना बोलवायला लागले, शेजाऱ्यांना निकाल ऐकायला बसवायला लागले. त्यावर ताईंचं घर चाललं, मनवाचं शिक्षण झालं.

नापास राहिलो ते फक्त आम्ही. दर दिवाळीला ताई आमच्या खुर्चीत बसायच्या, फराळ संपवायच्या, भिंतीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "नाही गं, अजून नाही." मी टीव्ही हलवला, कपाट हलवलं, नवऱ्याच्या ट्रॉफ्या माळ्यावर टाकल्या. तो अजून त्या शोधतोय. मला त्यांचं चित्र घरात हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, आणि सख्ख्या भावाच्या घराला वशिला नाही म्हणून मी चिडायचेही.

शेवटच्या आल्या तेव्हा आजाराने अर्ध्या झाल्या होत्या. खुर्चीत बराच वेळ बसल्या, मग हातोडी मागितली आणि धापा टाकत स्वतः खिळा ठोकला, बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर येईल इतका खाली. "पास?" मी विचारलं. "पास. चित्र करते आता." ...ते व्हायचं राहिलं.

परवा मनवा घरातली चार चित्रं घेऊन आली. "मामी, यातलं कुठलंही घे." तिने एकेक खिळ्याला लावून दाखवलं. मी खुर्चीत बसले, चहा प्यायले, उजेड बघितला. चारही चित्रं सुंदर होती. चौथं तिने खिळ्यापाशी धरून ठेवलं होतं, तेव्हा मी स्वतःलाच बोलताना ऐकलं, "नाही गं, अजून नाही."

मनवा हसायला लागली, मग रडायला लागली, मग मीही. खिळा रिकामाच आहे. नवऱ्याने काल त्यावर कॅलेंडर लावलं होतं, ते मी काढून ठेवलं.