शेरा : वस्ती नाही

मीटरकाकांनी एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. इतर लोक घराकडे जाताना पाटी बघतात, कुंड्या बघतात, बेल वाजवतात. काका मात्र थेट मागे जायचे, कारण मीटर मागे असतो. रस्त्यात समोरून आलेला माणूस त्यांना ओळखू यायचा नाही, पण त्याच्या मोरीचा पाइप कुठे गळतो हे ते झोपेतही सांगू शकले असते.

त्यांच्या वहीत आकड्यापुढे शेऱ्याचा रकाना असे आणि त्यात तीनच शेरे पडत : ‘कुलूप’, ‘कुत्रा’ आणि ‘वस्ती नाही’. पहिले दोन कुणीही लिहील. तिसरा लिहायला नजर लागते, असं काकांचं ठाम मत होतं. दार सताड उघडं असूनही घरात वस्ती नसू शकते, आणि कुलूप लागलेलं घर भरलेलं असू शकतं. ते मागे गेल्यावर कळतं. नळाखाली ओल हवी, दोरीवर फडकं हवं, उंबऱ्यापाशी फरशी झिजलेली हवी.

काका निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत काकू गेल्या. घर खायला उठलं, तेव्हा लेक आली आणि त्यांना सहाव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. लेक जीव लावणारी, जावई अबोल पण गुणाचा. तरी काका तिथे अंग चोरून राहू लागले. टॉवेल वाळायच्या आतच घडी करून बॅगेत. ब्रश आणि दाढीचं सामान रुमालात बांधून त्याच बॅगेत. चपला पिशवीत घालून पलंगाखाली. चहा प्यायला की कप धुऊन, पुसून, होता तिथे. ‘माझा कुणाला त्रास नको’ हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की त्या वाक्याचाच सगळ्यांना त्रास व्हायला लागला होता.

आणि त्या बॅगेत, टॉवेलच्या घडीखाली, वृद्धाश्रमाचा भरलेला अर्ज होता. एक खोली रिकामी झाली होती. महिनाअखेरपर्यंत अर्ज पोचला तर ती काकांची. लेकीला सांगायचं कसं, एवढंच अडलं होतं.

लेक कॉम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. सध्या एका मोठ्या गेमचं काम चाललं होतं : राजे, चेटकिणी, ड्रॅगन, आणि हवं तिकडे भटकायला मोकळं रान. त्यातलं डोंगराखालचं चौसष्ट घरांचं गाव लेकीच्या वाट्याला आलं होतं. दोन वर्षं खपून तिने ते उभं केलं, आणि खेळून बघणारे सगळे एकच सांगत होते की गाव रिकामं वाटतं. तिने रस्त्यावरची माणसं दोनशेची चारशे केली. तर म्हणे, आता जास्तच रिकामं वाटतं. तिच्या कंपनीतल्या साहेबीणबाईंनी शेवटचे तीन आठवडे दिले होते. त्यानंतर गाव गेममधून काढणार.

एका रविवारी दुपारी तिने काकांच्या हातात रिमोटसारखं काहीतरी दिलं.

“बाबा, जरा बघता का माझं गाव?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळत नाही म्हणूनच म्हणतेय.”

पडद्यावर चिलखत घातलेला एक योद्धा उभा होता. समोर किल्ला, किल्ल्यावर आग ओकणारा ड्रॅगन. काकांनी किल्ल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बटणं शिकण्यात अर्धा तास घालवून त्यांनी योद्ध्याला वळवलं आणि पहिल्या घराच्या बाजूच्या बोळात घातलं.

“अहो बाबा, तिकडे कुठे?”

“मागे जातो. मीटर बघायला नको?”

योद्धा घरामागे गेला आणि तलवारीसकट जमिनीतून खाली पडला. पडतच राहिला. भोवती नुसतं पांढरं.

काकांनी रिमोट घाईघाईने टीपॉयवर ठेवला. “मी काही मोडलं का गं?”

लेकीने कपाळाला हात लावला. घरामागे तिने जमीनच टाकली नव्हती. दोन वर्षांत तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं, सगळे आपले ड्रॅगन मारायला धावत होते.

दुसऱ्या दिवशी तिने घरांमागे जमीन घातली, आणि आठवडाभर काका चहानंतर गावाची फेरी मारू लागले. जुनी वहीही निघाली. शनिवारी त्यांनी ती लेकीपुढे ठेवली. चौसष्ट घरं, चौसष्टदा एकच शेरा : वस्ती नाही.

“काहीतरीच काय बाबा! चारशे माणसं चालतायत रस्त्यावर,” लेक वैतागली.

“चालतायत ना. पण एकाच्याही घरामागे ओलं फडकं नाही. ही माणसं तोंड कुठे धुतात? कपडे कुठे वाळत घालतात?” काकांना इतकं बोलताना तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. “पाहुणे आहेत ते सगळे. राहणारा माणूस पसारा करतो, बाळ. जिथे आपलं असतं ना, तिथेच माणूस वस्तू टाकून जातो.”

लेक काहीतरी उत्तर देणार होती. ती थांबली आणि काकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

तिने चारशेतली तीनशे माणसं काढून टाकली. नळांखाली ओल आणली, मागच्या दारापासून विहिरीपर्यंत गवतात पायवाट झिजवली. पाववाल्याच्या घरामागे एक बादली पालथी घातली, बसायला, आणि तिच्याशेजारी अर्धा सोललेला कांदा ठेवला. महिना संपायला तीन दिवस असताना साहेबीणबाई गाव बघायला बसल्या. त्या पालथ्या बादलीपाशी बराच वेळ थांबल्या आणि त्यांनी विचारलं, “हा आत्ता कुठे उठून गेला?” गाव राहिलं.

लेक त्या दिवशी लवकर घरी आली. काकांना वाटलं, पोरगी आनंदात आहे, आजच अर्जाचं सांगून टाकावं. तेवढ्यात तीच म्हणाली, “बाबा, तुमची वही द्या जरा. आणि पेन.”

वही घेऊन ती मागच्या गॅलरीत गेली. मग बाथरूममध्ये. मग बाहेरच्या दारापाशी. परत येऊन तिने उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं आणि वही काकांच्या मांडीवर ठेवली. काकांनी चष्मा लावला.

‘बाबा. दोरीवर टॉवेल नाही. बेसिनपाशी ब्रश नाही. दाराशी चपला नाहीत. शेरा : वस्ती नाही.’

काका त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

“आठ महिने झाले,” लेक म्हणाली. “रोज कामावरून येऊन दार उघडते. वाटतं, आज आत तुम्ही नसाल. आणि तुम्ही गेलात तरी या घरात काही कमी झालंय असं दिसणारसुद्धा नाही, बाबा.”

काकांना एकतीस वर्षांत कुणी असा शेरा दिला नव्हता. तो खोटा म्हणायलाही जागा नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

“शेरा बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मग खोडा तो.”

“असा खोडता येत नाही. नियम आहे. महिन्याने परत जायचं, मागची बाजू बघायची, फरक दिसला तर नवा शेरा लिहायचा.”

“मग मी महिन्याने बघते.”

“बघ,” काका म्हणाले, आणि आपण काय कबूल करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. अर्जाला तीनच दिवस उरले होते. पण नियम तर त्यांनी आजवर मोडला नव्हता.

ते खोलीत गेले. बॅग उघडून टॉवेल काढला. रोजच्या ओलसर घडीने खालच्या अर्जावरची शाई फुटली होती, त्यांचं नावही नीट वाचता येत नव्हतं. अर्ज तसाच ठेवून त्यांनी टॉवेल गॅलरीत नेला आणि जावयाच्या शर्टाशेजारी दोरीवर पसरला. ब्रश बेसिनपाशी ठेवला. मग चपला पिशवीतून काढल्या आणि बाहेरच्या दाराशी टाकल्या. एक नीट पडली, दुसरी वाकडी, जावयाच्या बुटावर.

काकांचा हात ती सरळ करायला पुढे झाला.

“राहू द्या, बाबा,” लेक म्हणाली.

त्यांनी ती राहू दिली.