कळव्यातली विलायती जिन

आमच्या घरात आजवर विलायती जिनची एकच बाटली आली आणि तिचा इतिहास मला तोंडपाठ आहे. चव माहीत नाही. का माहीत नाही, हे आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

सुरुवात प्रधानांनी केली. पाचपाखाडीचे प्रधान म्हणजे आमचे होणारे व्याही. आमच्या सईचं लग्न ठरलं त्या दिवशी सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आम्हाला बुवा जिन लागते. तीही विलायती! तुमच्या कळव्यात कुठली मिळायला? तुम्ही आपलं कोकम सरबतच करा!"

तुमच्या कळव्यात! मधे एक खाडी काय ती आहे, तर हा माणूस आम्ही झाडावर राहत असल्यासारखा बोलतो! मी तिथल्या तिथे ठरवलं. याच्या तोंडून 'कळवा' हा शब्द आदराने वदवून घेतला नाही, तर नावाचा शशिकांत नाही.

लंडनहून भाचा येणार होता. त्याच्याकडून नावाजलेली, हिरव्या बाटलीतली जिन मागवली आणि दोन आठवडे अभ्यासाला लागलो. (बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेला एवढा केला असता, तर मॅनेजर म्हणून रिटायर झालो असतो.) जुनिपर नावाच्या निळ्या फळांमुळे तिला वास येतो. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांना हिवतापासाठी कोयनेल प्यावं लागायचं. ते इतकं कडू, की घशाखाली उतरावं म्हणून बिचारे त्यात जिन घालायला लागले. सगळं पाठ! सील तोडून एकदा वासही घेऊन ठेवला. प्यायलो मात्र नाही. पहिला घोट प्रधानांसमोरच घ्यायचा होता.

"अहो, जेवायला येतायत ते, व्याख्यानाला नाही," ही म्हणाली.

"तू सुरमईचं बघ. कळव्याची अब्रू मी बघतो."

रविवारी दुपारी प्रधान आणि प्रधानवहिनी गाडीने आले. मी बाटली काढली. प्रधानांचा चेहरा बघण्यासारखा झाला!

"अरेच्चा! हीच! हीच तर आपली!"

दोन ग्लासांत ओतली, वर कडू टॉनिक, लिंबाची फोड. प्रधानांनी डोळे मिटून घोट घेतला.

"आहाहा! शशिकांतराव, अस्सल माल! लंडनचं पाणीच वेगळं हो!"

"जुनिपर लागतोय का?" मी.

"लागतोय म्हणजे? नाकात घुसलाय!"

मलाही लागला. कानशिलं तापली. कोयनेलपर्यंत पोचलो तेव्हा जीभ जड झाली होती. दुसऱ्या ग्लासाला प्रधानांनी मला 'अरे शशी' म्हटलं. तिसऱ्याला त्यांचे डोळे भरून आले. "पाचपाखाडीत काय ठेवलंय रे? माणसं राहतात ती कळव्यात!" असं म्हणत त्यांनी मला मिठी मारली. मी जिंकलो होतो! स्वयंपाकघरातून ही टकमक बघत होती. मी तिच्याकडे मुद्दाम पाहिलंच नाही.

चौथ्या ग्लासाला बाटली संपली. प्रधान हळहळले. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली माझी ऐंशीची आत्या उठली.

"बसा, बसा. मी भरून आणतंय."

तिने बाटली उचलली, स्वयंपाकघरात गेली आणि फिल्टरच्या नळाखाली धरली. बाहेर सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. भरलेली बाटली पदराने पुसून तिने आमच्यापुढे ठेवली.

"आत्ये... हे काय?"

"पाणी. मगाशीपासून हाच पितास मां तुमी!"

"आणि जिन?"

"राखणदाराक दिलंय. परवा अवस होती. पोरीचा लगीन ठरला, घरात बाटली उघडी, आणि तेका काय सुको ठेवतलंय? रिकामी बाटली बरी दिसणा नाय, म्हणान पाणी भरलंय."

(गावाला राखणदाराला कोंबडा आणि दारू देतात, हे मला मान्य आहे. तो आमच्या कुळाला सांभाळतो, तेही मान्य. पण तो कळव्याला येऊन सोसायटीमागच्या वडाखाली राहतो, हे संशोधन एकट्या आत्याचं! आणि त्याची सवय आजवर गावठीची. त्याला जुनिपरचं काय कौतुक?)

"मग मी तासभर बोलत होतो, तेव्हा सांगता आलं नाही?" मी ओरडलो.

"माका वाटला, पाण्याचोच इतिहास सांगतंस."

प्रधानांनी ग्लास खाली ठेवला. माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी हळूच काढून घेतला. 'अरे शशी'चा परत 'शशिकांतराव' झाला. जेवताना कौतुक झालं ते फक्त सुरमईचं.

निघताना प्रधानवहिनींनी पर्समधून किल्ली काढून नवऱ्याच्या हातात दिली. "चला, आज तुम्हीच चालवा. काही हरकत नाही."

त्यांना दारापर्यंत पोचवायला मी उठलो. भिंतीला हात लावून दोन पावलं गेलो, तोच मागून ही कडाडली, "अहो, पाणी होतं ते! आता तरी सोडा ती भिंत!"

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी भिंत सोडली आणि व्याह्यांच्या पायांशी आडवा झालो.