नीलव्वा मावशीचं कोपर

महिन्यापूर्वी सकाळी शिवानंदचा फोन आला, "मॅडम, आई गेली," आणि मी पेशंटला तसंच टेबलावर सोडून पळाले. जायचं होतं भिंतीपलीकडेच. नीलव्वा मावशीची कडक भाकरीची शेड आणि माझा फिजिओथेरपीचा दवाखाना, मध्ये एकच भिंत. नऊ वर्षं तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजात मी पेशंट तपासले. मावशी झोपेतच गेली होती, हृदय थांबलं म्हणून. पण दारात जमलेल्या बायका सांगत होत्या, "भाकऱ्यांनीच खाल्ली बघ तिला. कोपर गेलं तवाच थांबायला पायजे हुतं." मी गप्प राहिले. मयताच्या दारात कुठं भांडायचं... पण ते गप्प राहणं मला अजून सलतंय. ते वाक्य साफ खोटं आहे आणि ते खोडून काढायलाच मी हे लिहायला बसले आहे.

सहा वर्षांपूर्वी ती उजवं कोपर धरून माझ्याकडे आली, सोबत मुलगा शिवानंद. "चहाचा कप उचलंना, पोरी." कोपराच्या बाहेरच्या हाडावर मी बोट दाबलं, तशी "अय्ययो!" म्हणून तिनं हात ओढून घेतला. मी म्हटलं, "मावशी, टेनिस एल्बो आहे." ती शिवानंदकडे वळली. "ऐकलंस का? म्या टेनिस कवा खेळले रे?" त्याआधी तिनं एका माणसाकडून गरम तेल लावून कोपर ओढून घेतलं होतं. मग एक इंजेक्शन झालं. आठवड्यात दुखायचं थांबलं, तशी आपण बरे झालो असं समजून तिनं लग्नाची मोठी ऑर्डर घेतली आणि दुखणं दुपटीनं परत आलं. मी समजावलं, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी कोपराच्या हाडाला जिथं चिकटते, तिथं ती रोजच्या ताणानं झिजली आहे. सुईनं दुखणं दबतं, दोरी काही बळकट होत नाही. इथवर ठीक होतं. पुढं मी म्हणाले, "तीन महिने भाकरी पूर्ण बंद." शिवानंद खूश झाला, त्याला कधीपासून शेड बंदच करायची होती. मावशी मात्र उठून उभी राहिली. "हात बरा करून दे म्हनून आले मी. बंद करून दे म्हनून न्हाय. ही शेड मी माज्या हातानं उभी केलीय. उद्या तुजं गुडगं दुखलं, तर तू दवाखाना बंद करशील व्हय?"

मला राग आला, शिकलेल्या माणसाला येतो तसा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या शेडमध्ये स्टुलावर जाऊन बसले. इतकी वर्षं शेजारी असून मी तिला काम करताना कधी नीट पाहिलंच नव्हतं. दर थोड्या वेळानं ती तापलेला जड तवा पकडीनं, तळहात खाली ठेवून, एकट्या उजव्या हातानं उचलत होती. पिठाचा डबाही तसाच. पाणी कोमट, त्यामुळे पीठ घट्ट, आणि सगळा भार मनगटावर. न बघताच मी तिचं काम बंद करायला निघाले होते... आम्ही दोघींनी मिळून एकेक गोष्ट बदलली. तवा दोन्ही हातांनी, डबा तळहात वर करून, पीठ कडकडीत पाण्यात, कोपराखाली पट्टा. भाकऱ्या निम्म्या, त्यातही एकाआड एक डाव्या हाताची. गिऱ्हाइकं कुरकुरली, की म्हणायची, "ह्यो हात नवा हाय. शिकू दे की जरा."

आणि व्यायाम. माझ्या रबरी वजनांना तिनं हात लावला नाही, शेंगाचटणीचा लोखंडी बत्ता आणला. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, डाव्या हाताच्या आधारानं बत्ता वर न्यायचा आणि उजव्यानं हळूहळू खाली सोडायचा. "ओंदू... एरडू... मूरू..." कानडीत मोजत ती एवढ्या सावकाश सोडायची की माझाच श्वास अडकायचा. थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी राहता कामा नये, एवढा एकच नियम. पाचव्या महिन्यात तिनं चहानं भरलेली किटली तळहात खाली ठेवून उचलली, माझ्या कपात चहा ओतला आणि म्हणाली, "बघ." त्यानंतर ती शेवटच्या दिवसापर्यंत भाकऱ्या थापत होती.

पंधरा दिवसांपूर्वी शिवानंद तो बत्ता फडक्यात गुंडाळून घेऊन आला. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." मग मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, लोक म्हनत्यात ते खरं हाय का? मी बळंच थांबवायला पायजे हुतं का तिला?" या वेळी मी गप्प बसले नाही. "तिचं कोपर माझ्यापेक्षा धड होतं, शिवानंद. भाकऱ्यांनी तिला मारलं नाही. तुम्ही थांबवलं असतं, तर ती सहा वर्षं नुसती खाटेवर बसून राहिली असती. आता तरी ती शेड बंद करू नका."

गेल्या सोमवारी भिंतीपलीकडून आवाज आला. अडखळत, मध्येच थांबत. जाऊन पाहिलं तर शिवानंदची बायको महादेवी परातीशी बसून मनगट झटकत होती.

"दुखतंय?"

"न्हाय वो. सवय न्हाय अजून."

मी तशीच मागं फिरले आणि बत्ता आणून तिच्यासमोर ठेवला. दुखायच्या आधीच सुरू कर, म्हटलं. कसं करायचं ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तिनं हात स्टुलाच्या कडेला टेकवला होता, मनगट बाहेर काढलं होतं आणि बत्ता हळूहळू खाली सोडत ती मोजू लागली होती... ओंदू, एरडू, मूरू.